कंपनी तोट्यात आहे, पण गाडी आवडली आहे. घ्यायची की नाही?

शोरूममधली गाडी मनात भरलेली असते. फीचर्स भरपूर, किंमत शेजारच्या शोरूमपेक्षा लाखभर कमी. सेल्समन म्हणतो, "साहेब, याच महिन्यात बुक करा, ॲक्सेसरीज आमच्याकडून." घरी येऊन सांगितलं की मेहुणा मोबाईल पुढे करतो, "दाजी, ही बातमी बघा. कंपनीच बुडायला आलीये. शेवरोलेचं काय झालं विसरलात का?"

आणि मग घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, एवढी स्वस्त मिळतेय तर घेऊन टाका. दुसरी म्हणते, उद्या पार्ट कुठून आणणार?

सध्या हा वाद निसानच्या मॅग्नाइटवरून होताना दिसतो. उद्या दुसऱ्या एखाद्या कंपनीवरून होईल. म्हणून निसानचं उदाहरण घेऊनच समजून घेऊ, की अडचणीतल्या कंपनीची गाडी घेताना नेमकं काय तपासायचं.

निसानचं नेमकं काय झालंय?

मार्च २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात निसानला सुमारे ६७१ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला. मे महिन्यात कंपनीने जाहीर केलं, की जगभरात मिळून २० हजार नोकऱ्या कमी होतील आणि १७ पैकी ७ कारखाने बंद करून संख्या १० वर आणली जाईल. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये होंडासोबत एकत्र येण्याची बोलणी सुरू झाली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये फिसकटली. त्याच महिन्यात मूडीजने निसानचं पतमानांकन गुंतवणूकयोग्य पातळीच्या खाली आणलं. एप्रिलमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी बदलले, माकोतो उचिदा गेले आणि इव्हान एस्पिनोसा आले. जुलैमध्ये तर जपानमधला ओप्पामा हा कंपनीचा ऐतिहासिक कारखानाही बंद होणार असल्याचं जाहीर झालं.

भारतापुरती मोठी घडामोड मार्च २०२५ च्या शेवटी झाली. चेन्नईजवळच्या ओरागडममधला कारखाना निसान आणि रेनो मिळून चालवत होत्या. त्यातला आपला ५१ टक्के हिस्सा निसानने रेनोला विकायचं ठरवलं. मॅग्नाइट पुढेही तिथेच बनेल, पण आता दुसऱ्याच्या कारखान्यात.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, की मेहुणा बरोबर बोलतोय. पण थोडं थांबा.

तोटा म्हणजे बुडणं का?

नाही. या तोट्याचा मोठा भाग हा कारखाने आणि यंत्रसामग्री यांची हिशोबाच्या वहीतली किंमत कमी केल्यामुळे आला होता. म्हणजे तेवढे पैसे त्या वर्षी खिशातून गेले असं नाही. त्याच वेळी वाहन व्यवसायाकडे सुमारे दीड लाख कोटी येन निव्वळ रोकड असल्याचं कंपनीने सांगितलं होतं.

घरगुती भाषेत सांगायचं तर, तुमच्या जुन्या दुकानाची किंमत निम्म्यावर आली तर कागदावर तुम्ही गरीब झालात. पण बँकेत वर्षभराचा खर्च असेल, तर दुकान उद्या बंद पडत नाही. कंपनी बुडते ती रोकड संपल्यावर आणि कुणी कर्ज देईनासं झाल्यावर. म्हणून "हजारो कोटींचा तोटा" एवढी हेडलाइन वाचून निर्णय घेऊ नका. हातात रोकड किती आणि फेडायचं कर्ज किती, हे त्याच बातमीत खाली कुठेतरी असतं, ते शोधा.

पण मग भारत सोडून गेलेल्या कंपन्या?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. शेवरोले विकणारी जनरल मोटर्स खरंच दिवाळखोर झाली होती, पण ती जून २००९ मध्ये, अमेरिकेत. तेव्हा तिने भारत सोडला नाही. उलट जानेवारी २०१० मध्ये शेवरोले बीट बाजारात आणली. भारतातली विक्री थांबवायचं तिने ठरवलं ते मे २०१७ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीला जगभरात नऊ अब्ज डॉलरहून जास्त नफा झाला होता.

फोर्डचंही तेच. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांत इथे दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाल्याचं कारण दिलं. पण फोर्ड जगात बुडत नव्हती. त्या वर्षी तर तिला घसघशीत नफा झाला.

म्हणजे दिवाळं निघालं तेव्हा कंपनी थांबली आणि पैसे होते तेव्हा गेली. यातून धडा एकच: परदेशातल्या मुख्यालयाची तब्येत ही अर्धीच गोष्ट आहे. कंपनीला भारतात राहण्यासाठी कारण उरलंय का, हा खरा प्रश्न आहे.

मग निसानला ते कारण आहे का?

इथे आकडे बोलके आहेत. २०१६-१७ मध्ये, म्हणजे जाण्याचा निर्णय घेण्याआधीच्या वर्षात, जनरल मोटर्सने भारतात सुमारे २६ हजार गाड्या विकल्या आणि सुमारे ७१ हजार निर्यात केल्या. निसानने २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे २८ हजार विकल्या आणि सुमारे ७१ हजार निर्यात केल्या. दोघींचाही देशातला हिस्सा एक टक्क्याहून कमी.

आकडे सारखे म्हणून शेवटही सारखाच होईल असं नाही. निसानने टेक्टॉन ही नवी एसयूव्ही भारतासाठी जाहीर केली. जाणारी कंपनी सहसा नव्या गाडीवर खर्च करत नाही. पण "निर्यात जोरात आहे, म्हणजे कंपनी कुठे जात नाही" हे सेल्समनचं वाक्य मात्र पुरावा म्हणून घेऊ नका. जनरल मोटर्सचीही निर्यात जोरात होती. २०१७ नंतर तिने शोरूम बंद केले आणि पुण्याजवळच्या तळेगाव दाभाड्याच्या कारखान्यातून निर्यात डिसेंबर २०२० पर्यंत चालू ठेवली. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

निर्यातीचा एक फायदा मात्र खरा आहे. बाहेर पाठवायला गाडी बनत राहिली, की तिचे पार्टही बनत राहतात.

कंपनी अडचणीत आली की गाडी मालकाचं काय होतं?

आजवरच्या उदाहरणांतून चार वाटा दिसतात.

पहिली, कंपनी सावरते. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या वॉरंटीमागे आपण उभे आहोत असं जाहीर केलं, कारण लोक घाबरून गाड्या घेईनात. कंपनी वाचली, पण पॉन्टिॲक आणि सॅटर्न हे ब्रँड बंद झाले. म्हणजे कंपनी वाचली तरी तुमचंच मॉडेल वाचेल असं नाही. भारतात निसाननेच २०२२ मध्ये डॅटसन हा आपला ब्रँड बंद केला होता.

दुसरी, मालक बदलतो. महिंद्राची कोरियातली सँगयाँग डिसेंबर २०२० मध्ये कोर्टात गेली. २०२२ मध्ये केजी ग्रुपने ती घेतली आणि कंपनी नव्या नावाने चालू राहिली. अशा वेळी गाडी मालकाला त्रास होतो, पण तो वाऱ्यावर पडत नाही.

तिसरी, कंपनी देश सोडते पण जगात जिवंत असते. शेवरोले आणि फोर्ड या वाटेच्या. दोघींनी सर्व्हिस, पार्ट आणि वॉरंटी चालू ठेवू असं जाहीर केलं. पण शोरूम गेले की सर्व्हिस सेंटरही कमी होत जातात. पुण्या-मुंबईत निभावतं, तालुक्याच्या गावी निभावत नाही.

चौथी वाट सगळ्यात वाईट, मागे कुणीच उरत नाही. देवूचा कोरियातला उद्योगसमूह १९९९ मध्ये कोसळला. जनरल मोटर्सने २००२ मध्ये देवूचे चांगले भाग घेतले, पण उत्तर प्रदेशातला सूरजपूरचा कारखाना घेतला नाही. इथले सिएलो आणि मॅटिझवाले अडकले. गंमत म्हणजे २००७ मध्ये मॅटिझचीच पुढची पिढी शेवरोले स्पार्क या नावाने भारतात आली.

या वाटेवरचं ताजं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची नवी कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. न विकलेल्या सुमारे तीन हजार गाड्या न्यूयॉर्कच्या एका भाडेगाडी कंपनीने घेतल्या. पण या गाड्यांची सगळी माहिती फिस्करच्या सर्व्हरवर होती आणि ती दुसरीकडे हलवण्यावरून सौदाच अडचणीत आला. ज्यांनी आधी गाड्या घेतल्या होत्या, त्या मालकांनी संघटना बांधून पार्ट आणि सॉफ्टवेअरची सोय करायचा प्रयत्न सुरू केला. पेट्रोल गाडी गल्लीतला मेकॅनिक उघडू शकतो. सर्व्हरवर चालणारी गाडी तो उघडू शकत नाही. म्हणून इलेक्ट्रिक किंवा पूर्ण कनेक्टेड गाडी घेताना कंपनीच्या तब्येतीला दुप्पट महत्त्व द्या.

वॉरंटी लेखी आहे, मग घाबरायचं कशाला?

कारण वॉरंटी म्हणजे शेवटी एक वचन आहे. वचन देणारा उभा असेपर्यंतच त्याला किंमत.

कंपनी भारतात नोंदणीकृत आणि चालू असेल तर तुमच्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कंपनीने विक्री थांबवली तरी तिची भारतातली संस्था अस्तित्वात आहे तोवर हा रस्ता खुला असतो.

पण तीच संस्था दिवाळखोरी संहितेखाली गेली तर चित्र पालटतं. प्रकरण दाखल करून घेतलं की तिच्याविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती मिळते. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी आणि त्यानंतर "उरलेली देणी". तुमचा वॉरंटीचा दावा किंवा बुकिंगची रक्कम या शेवटच्या रांगेत. तिथपर्यंत पैसे पोहोचण्याची फार आशा ठेवू नये.

विस्तारित वॉरंटी विकत घेणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: हिच्यामागे कोण आहे, कंपनी की विमा कंपनी? निसान मॅग्नाइटवर दहा वर्षांपर्यंतची विस्तारित वॉरंटी देते. ऐकायला छान आहे, पण दहा वर्षांनी दावा कुणाकडे करायचा, हे कागदावर वाचा. विमा कंपनीची पॉलिसी असेल तर गाडी कंपनीचं काहीही झालं तरी ती टिकते.

पार्ट मिळतील का?

सगळे पार्ट सारखे नसतात. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेअरिंग या गोष्टी दुसऱ्या कंपन्या बनवतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधलं तर बंद पडलेल्या गाड्यांचंही बरंच काही मिळतं.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, बॉडीचे पार्ट: बंपर, हेडलाइट, पुढची काच, दरवाजा. हे त्या एकाच मॉडेलचे असतात, म्हणून बाहेरचे उत्पादक त्यात पडत नाहीत. दोन, इलेक्ट्रॉनिक्स: इंजिनचा ईसीयू, एअरबॅगचं मॉड्यूल, टचस्क्रीन. एक छोटा अपघात आणि गाडी दोन महिने गॅरेजमध्ये, असा अनुभव येतो तो यामुळेच.

म्हणून बघायची गोष्ट म्हणजे गाडीचं "भावंड". मॅग्नाइट आणि रेनोची कायगर एकाच पायावर, एकाच कारखान्यात बनतात आणि एक लिटरचं इंजिनही सामायिक आहे. उद्या निसान गेली आणि रेनो राहिली तरी इंजिन आणि खालच्या यंत्रणेचा प्रश्न बराचसा सुटतो. मॅग्नाइटच्याच बंपर-हेडलाइटचा मात्र सुटत नाही. ज्या गाडीला असं एकही भावंड नाही, तिथे धोका जास्त.

सवलत किती मिळाली तर परवडते?

एक काल्पनिक हिशोब करू. समजा, भक्कम कंपनीची गाडी १० लाखांना आहे आणि अडचणीतल्या कंपनीची तशीच गाडी ९ लाखांना. वरवर एक लाख वाचले.

पाच वर्षांनी विकायला काढली. पहिली निम्म्या किमतीला गेली, ५ लाख आले. म्हणजे पाच वर्षांचा खर्च ५ लाख. दुसरी कंपनी मधल्या काळात गेली, म्हणून गाडीला ३५ टक्केच मिळाले, ३ लाख १५ हजार. खर्च ५ लाख ८५ हजार. "वाचलेले" एक लाख गेलेच, वर ८५ हजार गेले. बरोबरी व्हायची तर सवलत एक नव्हे, १ लाख ८५ हजार हवी होती.

आता तीच गाडी दहा वर्षं वापरली. समजा पहिलीचे शेवटी २ लाख आले आणि दुसरीचे १ लाख. दोन्हींचा खर्च ८ लाख, बरोबरी झाली. म्हणजे लवकर विकणाऱ्याला रीसेल मारतो. उशिरा विकणाऱ्याचा रीसेल फारसा बिघडत नाही, पण त्याला पार्टची चिंता जास्त वर्षं वाहावी लागते. तुम्ही यातले कोण आहात, ते आधी ठरवा.

विम्यातही एक बारकावा आहे. गाडीचं विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, साधारणपणे कंपनीच्या चालू किमतीवरून घसारा वजा करून ठरतं. पण मॉडेल बंद झालं असेल तर ते विमा कंपनी आणि तुमच्यातल्या समजुतीने ठरतं. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर हाच आकडा हातात येतो. कर्ज जास्त आणि आयडीव्ही कमी असेल तर गाडी गेल्यावरही हप्ते उरतात. त्यामुळे अशा गाडीसाठी शंभर टक्के कर्ज काढू नका, डाउन पेमेंट जास्त भरा.

शोरूममध्ये जाण्याआधी एवढं करा

सगळ्यात आधी शोरूममध्ये नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये जा. तिथे उभ्या असलेल्या दोन-तीन मालकांना विचारा, शेवटचा बॉडी पार्ट किती दिवसांत आला? हे उत्तर कुठल्याही बातमीपेक्षा खरं असतं.

घरापासून तासाभरात दोन सर्व्हिस सेंटर आहेत का बघा. एकच असेल तर तो डीलर बंद पडला की तुमच्यासाठी कंपनी गेल्यातच जमा आहे.

गेल्या दोन वर्षांत त्या कंपनीचे तुमच्या जिल्ह्यातले डीलर वाढले की घटले, हे पाहा. कंपनी बाहेर पडायच्या आधी डीलर बाहेर पडतात. आपले पैसे कुठे अडकतायत हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

बुकिंगची रक्कम कमीत कमी द्या, ती डीलरशिपच्या खात्यातच भरा आणि पावती घ्या. गाडी यार्डात आलेली आणि चेसिस नंबर तुमच्या नावावर टाकलेला दिसल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि ऑनलाइन त्याच कंपनीच्या तीन आणि पाच वर्षं जुन्या गाड्या कितीला विकल्या जातायत ते बघा. बाजाराने धोक्याची किंमत आधीच लावलेली असते.

मग मॅग्नाइट घ्यायची की नाही?

निसान उद्या बंद पडेल असं दाखवणारे आकडे नाहीत. ती भारतात कायम राहील याची हमी देणारेही नाहीत. म्हणून "कंपनी राहील का" यावर पैज लावण्यापेक्षा उलटा प्रश्न विचारा: कंपनी तीन वर्षांनी गेली असं आजच धरून चाललो, तरी ही गाडी मला परवडते का?

तुम्ही मोठ्या शहरात राहता, पेट्रोलची साधी गाडी घेताय, आठ-दहा वर्षं वापरणार आहात, घरात दुसरं वाहन आहे आणि सवलत वरच्या हिशोबात बसते, तर उत्तर "हो" येऊ शकतं. शेवरोले आणि फोर्डच्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात, त्या याच हिशोबावर.

पण तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असेल, ही घरातली एकमेव गाडी असेल, तिच्यावर रोजचा धंदा असेल किंवा चार वर्षांत बदलायची सवय असेल, तर लाखभराची सवलत फसवी आहे. तिथे मेहुण्याचं ऐका.

आणि हे सगळं सेल्समनला सांगून बघा. ज्या गाडीमागे ग्राहकाला धोका दिसतो, तिथे भाव करायला जागा असते. धोका तुम्ही घेणार असाल, तर त्याचे पैसे आजच, किमतीतून कापून घ्या.